घर आणि नगर : कचऱ्याचा जमाखर्च

गेल्या महिन्यांत आमच्या इमारतीच्या दाराशीं घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. कारण या महिन्याचा विषय मला तिनेंच दिला. सकाळची घंटागाडी आली होती. गाडीवरील एक बाई आमच्या जिन्यावरून खालीं आलेली पिशवी गाडींत रिकामी करीत असतां तिचा हात एकदम मागें आला. पिशवींत फुटलेला कांचेचा पेला होता, आणि तो दुधाच्या रिकाम्या पिशव्या, भाजीचे देंठ व केळ्यांच्या सालीं यांच्याखालीं दडलेला होता. तळव्याला चांगली दोन बोटें लांब चीर पडली. शेजारच्या वहिनींनीं हळद आणली, कोणीं पट्टी आणली, आणि मुकादमानें तिला दवाखान्यांत नेलें. पेला आमच्या घरचा होता. आदल्या रात्रीं तो माझ्याच हातून फुटला आणि मींच तो केरांत लोटला होता. हें मीं त्या वेळीं चारचौघांत सांगितलें नाहीं. आज लिहीत आहें.

आपल्या घरांतील स्वच्छतेचा आपणांस अभिमान असतो आणि तो अगदींच खोटा नव्हे. ओटा दिवसांतून दोनदां पुसला जातो, खरकटा हात कोठें लागूं नये ही सवय लहान मुलांनाही लावली जाते, देवघरापुढील फरशीवर चप्पल येत नाहीं. परंतु ही सारी दक्षता उंबरठ्यापाशीं येऊन थांबते. पिशवीची गांठ मारून ती जिन्याखालच्या डब्यांत टाकली कीं तिच्यांत काय आहे, ती कोठें जाणार व कोण उघडणार, याचा विचार आपल्या सोंवळ्यांत बसत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या हें काम ज्या जातींच्या माथीं मारलें गेलें, बहुतांशीं त्याच जातींचीं माणसें आजही घंटागाडीवर दिसतात, आणि हा कांहीं योगायोग नव्हे. आपल्यासारख्या घरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत हें लिहितांना मला संकोच वाटतो. पण या विषयाचा हिशेब येथूनच सुरू होतो. पुढें जे कोट्यवधींचे आंकडे येतात, ते अखेर याच पिशवींतून निघतात.

आमच्याकडील नगरसंस्था आजकालच्या नव्हेत. कल्याणची नगरपालिका १८५५ सालची आणि ठाण्याची १८६३ सालची. पुढें १९८२ सालीं ठाणें महापालिका व १९८३ सालीं कल्याण-डोंबिवली महापालिका अस्तित्वांत आली. या दोन्ही संस्थांच्या तिजोरींत खडखडाट आहे, हें वाक्य गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या वेळां ऐकूं आलें आहे कीं त्याचें आतां कोणास नवल वाटत नाहीं. कारणें मात्र क्वचितच कोणी सांगतो. पूर्वीं जकातनाक्यावर रोजचा रोख पैसा येई. जकात गेली आणि तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाल्यावर नगरसंस्था राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसूं लागल्या. कमावत्या गृहस्थानें नोकरी सोडावी आणि थोरल्या मुलाच्या मनिऑर्डरीवर घर चालवावें, तसा हा प्रकार झाला. मुलगा चांगला असला तरी मनिऑर्डर केव्हां येईल हें आपल्या हातीं नसतें. स्वतःच्या हक्काचें उत्पन्न उरलें तें मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी, आणि नव्या इमारतींच्या परवानगीपोटीं मिळणारें शुल्क. यांतील शेवटचें साधन वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कल्याणच्या कथेंत तें पुन्हां येणार आहे.

कल्याण पश्चिमेस, खाडीच्या बाजूला, आधारवाडीची क्षेपणभूमि आहे. लोक तिला 'डंपिंग' म्हणतात. कित्येक दशकें शहराचा सारा केर मिसळलेल्या स्थितींत तेथें पडत राहिला आणि त्याचा डोंगर झाला. भाजीपाला, शिळें अन्न, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कापड, औषधाच्या बाटल्या, सारें एकावर एक. ओला कचरा असा दडपला गेला म्हणजे त्यास हवा मिळत नाहीं. तो कुजतांना मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु सुटतो, आणि उन्हाळ्यांत डोंगर आंतल्या आंत धुमसूं लागतो. पावसाळ्यांत त्याच डोंगरांतून काळें पाणी झिरपून जमिनींत व खाडींत उतरतें. आधारवाडीच्या आगीचा धूर ज्यांच्या खिडक्यांत शिरला, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

हें सर्व होऊं नये असा कायदा नव्हता असेंही नाहीं. केंद्र सरकारनें २००० सालीं केलेल्या नियमांत कचरा वेगळा करावा, ओल्यावर प्रक्रिया करावी, आणि प्रक्रियेचे प्रकल्प ३१ डिसेंबर २००३ पर्यंत उभारावेत, असें स्पष्ट सांगितलें होतें. मुदत गेली, त्यावर आणखी अकरा वर्षें गेलीं. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि एप्रिल २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें कल्याण-डोंबिवलीच्या हद्दींत नव्या बांधकामांस परवानगी देण्याची मनाई केली. जें शहर आपला आजचा केर उचलूं शकत नाहीं, त्यानें नवीं घरें कोणत्या तोंडानें बांधावींत, हा साधा विचार त्यामागें होता. मनाई सुमारें एक वर्ष चालली आणि एप्रिल २०१६ मध्यें कांहीं अटींवर उठली.

आतां तें परवानगी-शुल्क आठवावें. बांधकामेंच थांबलीं, तेव्हां शुल्कही थांबलें. त्याच २०१५ च्या ऑगस्टांत स्थानिक संस्था करही गेला. एकाच वर्षीं घरांतले दोन नळ आटले. पुढें २०१७ सालीं आयुक्त पी. वेलरासू यांनीं जमाखर्चांतील तफावत उघडपणें मांडून नव्या कामांस लगाम घातला, तेव्हां शहरांत मोठी ओरड झाली. रस्ते राहिले, गटारें राहिलीं, नाट्यगृहाची डागडुजी राहिली. ज्या ज्या कामासाठीं पैसा हवा म्हणून केराचें काम वर्षानुवर्षें मागें ढकललें होतें, तींच कामें केरामुळें बंद पडलीं. बचत म्हणून मानलेला तो खर्च मुळांत बचत नव्हताच; तें पुढील वर्षांवर काढलेलें कर्ज होतें, आणि व्याज न्यायालयाच्या हुकुमानें वसूल झालें. याचा धडा एकट्या कल्याणानें घ्यावा असें नाहीं. ३१ ऑगस्ट २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही घनकचऱ्याचें धोरण केलें नाहीं या कारणावरून महाराष्ट्रासह कांहीं राज्यांतील बांधकामांस स्थगिति दिली होती.

ठाण्याची कथा निराळ्या वळणाची आहे. तेथें पैशापेक्षां जागेची रड अधिक, आणि जागेच्या रडीमुळें पैसा जातो. डोंबिवलीहून ठाण्यास रोज लोकलनें जाणाऱ्यांस दिवा स्थानक नाक दाबून ओळखतां येत असे. ठाणें शहराचा केर वर्षानुवर्षें दिव्यांत पडत होता. दिवा ही ठाणें महापालिकेच्याच हद्दींतील वस्ती, तेथील माणसेंही ठाण्याइतकाच कर भरणारीं. परंतु घोडबंदरच्या किंवा नौपाड्याच्या खिडकींतून ती वस्ती दिसत नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें दिव्याची क्षेपणभूमि बंद झाली आणि केर भंडार्ली येथें तात्पुरत्या जागेवर जाऊं लागला. तेथील गांवकऱ्यांनीं तक्रार केली. न करते तरच आश्चर्य. डायघरच्या प्रकल्पासही भोंवतालच्या लोकांचा विरोध झाला. २०२४ सालीं वागळे इस्टेटमधील सी. पी. तलाव येथें, जेथें केर केवळ लहान गाड्यांतून मोठ्या गाड्यांत चढवावयाचा, तेथेंच त्याचे ढीग सांचले. भिवंडी तालुक्यांतील आतकोली येथील जागेची योजना पुढें आली, तेव्हां तेथील लोकही उठले. दिवा, भंडार्ली, डायघर, आतकोली हीं नांवें नकाशावर शोधलीं तर एक गोष्ट ध्यानांत येते: प्रत्येक वेळीं केर अशा गांवीं निघाला, जेथील लोकांनीं तो केला नव्हता. अंतर वाढलें कीं डिझेल वाढतें, खेपा कमी होतात, गाड्या झिजतात. कोविडच्या काळानंतर ठेकेदारांचें देणें हजारों कोटींवर गेलेल्या महापालिकेस ही चैन परवडण्यासारखी नव्हती.

या साऱ्याचा विचार करतांना मला नेहमीं घरच्या हिशेबाची आठवण होते. उत्पन्न घटलें म्हणजे शहाणी गृहिणी काय करते? मुलांचें दूध बंद करीत नाहीं. आधीं तेलाची किटली गळते कोठें तें पाहते. नगराच्या केराची गळती पाहावयाची तर ती वाहतुकींत आहे.

कल्याण-डोंबिवलींत दिवसाला सुमारें सहाशें टन कचरा निघतो, ठाण्यांत हजार टनांच्या आसपास. आपल्या शहरांतील केरांत निम्मा किंवा निम्म्याहून अधिक भाग ओला असतो, म्हणजे स्वयंपाकघरांतला. चला, निम्माच धरूं. कल्याण-डोंबिवलीचे तीनशें टन झाले. दहा टनांचा एक डंपर मानला तर रोजच्या तीस खेपा केवळ सालीं, देंठ व उष्टें वाहून नेण्यासाठीं. आणि भाजीच्या सालीच्या वजनांत बहुतेक भाग पाण्याचा असतो! म्हणजे नगराच्या पैशानें डिझेल जाळून आपण जें दूर गांवीं पोंचवितों, तें मोठ्या प्रमाणांत दुधी व काकडीमधलें पाणी. हें पाणी पोंचविण्यासाठीं ठेका, ठेक्यासाठीं कर्ज, कर्जासाठीं व्याज. पुन्हां ओलें सुक्यांत मिसळलें कीं सुक्याची किंमतही जाते. कोरडा कागद भंगारवाला वजनावर घेतो. आमटींत भिजलेला कागद कोणी फुकट नेत नाहीं. जें विकलें जावयाचें, तेंही आपण पैसे देऊन फेंकतों.

यांत आणखी एक मेख आहे, ती सामान्य नागरिकास ठाऊक नसते. अनेक शहरांत ठेकेदारास पैसे मिळतात ते टनावर. जितकें वजन अधिक, तितकें बिल मोठें. अशा करारांत केर कमी व्हावा अशी इच्छा कोणास होणार? पावसांत भिजलेला कचरा अधिक भरतो, त्यांत थोडी माती व विटांचे तुकडे आले तर आणखी भरतो. घरोघरीं वेगळा केलेला केर कमी भरतो. तंगीच्या दिवसांत नगरसंस्थेनें पहिला प्रश्न नव्या यंत्राचा विचारूं नये. आपल्या करारांत आपण पैसे कशाचे मोजतों आणि वजनकाट्यापाशीं आपलें विश्वासाचें माणूस बसलें आहे कीं नाहीं, हें विचारावें. काट्यावरचा एक प्रामाणिक कारकून दहा लाखांच्या यंत्राहून अधिक पैसा वांचवील, असें माझें मत आहे.

यंत्रांविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. २ ऑक्टोबर २०१४ रोजीं स्वच्छ भारत अभियान सुरू झालें, २०२१ सालीं त्याचा दुसरा टप्पा आला, आणि पंधराव्या वित्त आयोगानेंही नगरसंस्थांच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी व घनकचरा यांच्याशीं बांधून दिला. ही चांगली गोष्ट आहे. परंतु अशा पैशांतून मुख्यतः प्रकल्प उभे राहतात, गाड्या येतात, शेड बांधल्या जातात. रोजचा पगार, वीज, डिझेल व दुरुस्ती हीं बहुतेक नगरसंस्थेच्याच पदरीं राहतात. मामानें मुंजींत घोडा दिला, पण चंदी कोणीं घालावयाची? मग उद्घाटनाच्या फलकासह प्रकल्प उभा असतो आणि त्यांत घालावयास वेगळा केलेला ओला कचराच येत नाहीं, किंवा मोटार जळली म्हणून महिना महिना काम बंद राहतें. जैववायूच्या टांकींत प्लास्टिकची पिशवी गेली कीं ती टांकी निकामी होते, हें सांगावयास अभियंता नको. प्रकल्पाचा पाया सिमेंटचा नसतो, तो स्वयंपाकघरांतील दोन डब्यांचा असतो.

दुसरी नेहमींची चूक म्हणजे पगारास कात्री लावणें. पैसा कमी पडला कीं प्रथम माणसें कमी करावयाचीं, कायमच्या कामगाराच्या जागीं ठेक्यावरचा आणावयाचा, आणि ठेक्यावरच्याचा पगार दोन महिने थकवावयाचा, हा सोपा मार्ग. १९७५ सालीं न्यूयॉर्कसारखें धनाढ्य शहर दिवाळखोरीच्या कांठावर आलें तेव्हां तेथील कारभाऱ्यांनीं हाच मार्ग धरला. जुलैच्या आरंभीं सफाई कामगारांस मोठ्या संख्येनें काढलें. उरलेल्यांनीं काम बंद केलें. ऐन उन्हाळ्यांत रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग लागले, आणि काढलेल्यांपैकीं पुष्कळांस थोड्याच दिवसांत परत घ्यावें लागलें. आमच्या दाराशीं जिचा हात कापला, तिच्या हातांत मोजा नव्हता. मोज्याची किंमत कोणीं कोणत्या रकान्यांत वांचविली असेल, देव जाणे. पण तंगीची पहिली झळ ज्याच्याजवळ कांहींच उरत नाहीं त्याला बसते, एवढें मीं प्रत्यक्ष पाहिलें.

कल्याण-डोंबिवलीच्या बाजूचीही एक गोष्ट न सांगणें अन्यायाचें होईल. मे २०२० मध्यें, म्हणजे कोविडच्या टाळेबंदींत, जेव्हां वसुली थंडावली होती आणि दवाखान्यांवर पाण्यासारखा पैसा जात होता, तेव्हां महापालिकेनें 'शून्य कचरा मोहीम' हातीं घेतली. घनकचरा विभागाचे उपायुक्त रामदास कोकरे तिच्या अग्रभागीं होते. हे गृहस्थ पूर्वीं वेंगुर्ल्यास मुख्याधिकारी असतांना तेथील क्षेपणभूमीचें रूप त्यांनीं असें पालटलें होतें कीं लोक ती पाहावयास जाऊं लागले. घरापासूनच केर वेगळा करून घ्यावयाचा, ओल्यापासून जैववायु, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरांत, असा तेथील क्रम. लहान गांवचा तोच प्रयोग त्यांनीं या अवाढव्य शहरांत करून पाहिला. ओला कचरा रोज घ्यावयाचा, सुका ठरावीक दिवशींच. मिसळलेला घ्यावयाचा नाहीं. रस्त्यावरील कचराकुंड्या उचलावयाच्या. लोक चिडले. आमच्या इमारतींतही पहिले पंधरा दिवस नुसता कलकलाट होता. परंतु एक वर्षानें, मे २०२१ मध्यें, आधारवाडीवर केर टाकणें बंद झालें. बारा वर्षांनीं उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आधारवाडीला त्याहून कितीतरी अधिक वर्षें लागलीं, पण न्यायालयाच्या हुकुमानें आणि मोठमोठ्या आराखड्यांनीं जें झालें नाहीं तें तिजोरी अत्यंत रिकामी असलेल्या वर्षीं झालें. जुना डोंगर खणून, चाळून मोकळा करण्याचा खर्च वेगळाच, आणि तो आपल्या वडिलधाऱ्यांच्या व आपल्या आळसाचा आहे.

त्या यशाचें श्रेय कोणा एका माणसाचें मानण्यांत मात्र धोका आहे. अधिकाऱ्याची बदली होते. नोव्हेंबर २०२० मध्यें कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत संपली, मार्च २०२२ मध्यें ठाण्याच्या. जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत दोन्ही शहरांचे अर्थसंकल्प प्रशासकांनींच केले. या काळांत केरावरचा खर्च योग्य होता कीं अयोग्य, याची चर्चा सभागृहांत व्हावी तशी झाली नाहीं, आणि ती व्हावी असा आग्रह आपण सुशिक्षितांनींही धरला नाहीं. आमच्या इमारतींत दोन डब्यांची शिस्त हळूहळू सुटली, तेव्हां मीही गप्प राहिलों. त्याचा शेवट फुटक्या पेल्यांत झाला.

पैसा नाहीं आणि जागाही नाहीं, अशा स्थितींत दुसऱ्यांनीं काय केलें तें पाहूं. केरळांतील अलप्पुळा शहराचा केर सर्वोदयपुरम् या गांवीं जात असे. २०१२ सालीं गांवकऱ्यांनीं गाड्या अडविल्या, आणि शहराजवळ दुसरी जागा नव्हती. तेव्हां नगरपालिकेनें नव्या जागेचा शोध सोडून घराघरांत लहान जैववायु संयंत्रें व खतासाठीं नळ्या देण्यास, आणि वस्तींत हवेशीर खतपेट्या बांधण्यास आरंभ केला. अर्ध्या केराची यात्राच थांबली. पुण्याचें उदाहरण आपल्या अधिक ओळखीचें आहे. तेथें १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि पुढें तिच्यांतूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार केर गोळा करणाऱ्या बायका घरटी ठरलेलें शुल्क थेट घेतात, सुक्यांतील विकण्याजोगा माल स्वतः विकतात, आणि त्यामुळें महापालिकेवरचा भार पुष्कळ हलका होतो. यांत मला विशेष आवडणारी गोष्ट अशी कीं दार उघडणाऱ्या गृहिणीला केर नेणारीचें नांव ठाऊक असतें. नांव ठाऊक असलेल्या बाईच्या पिशवींत सहसा कोणी फुटकी कांच टाकीत नाहीं.

शुल्काचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट लिहितों. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं घराघरांतून वापरशुल्क घेण्यास नगरसंस्थांस सांगितलें. कल्याण-डोंबिवलींत तें मालमत्ता कराच्या बिलांत आलें तेव्हां आपल्यासारख्यांच्या बैठकींत बरीच कुरकुर झाली. मालमत्ता कर भरतों, मग हें आणखी कशाला? आक्षेप अगदीं टाकाऊ नाहीं. दोन खोल्यांच्या घरास व मोठ्या सदनिकेस एकच आंकडा लावणें मला योग्य वाटत नाहीं, आणि जें घर केर वेगळा करून देतें त्यास सूट नसेल तर शुल्कानें कोणाची सवय सुधारणार? परंतु जें कुटुंब महिन्याला उपाहारगृहांत जितकें ठेवून येतें त्याच्या अंशभर रकमेवरून भांडतें, आणि त्याच हातानें मिसळलेली पिशवी देतें, त्याच्या तोंडीं न्यायाची भाषा शोभत नाहीं. तेंच मोठ्या वसाहतींचें. पांच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनीं आपला ओला कचरा शक्य तोंवर आपल्याच आवारांत जिरवावा असें त्याच नियमांत होतें. तरणतलावास जागा निघते, खताच्या पेटीस निघत नाहीं.

पूर्वीं आपल्या कोंकणांतल्या घरामागें उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा, भाजीचीं सालीं त्यांत पडत आणि वर्षाअखेर तें खत केळी-नारळीच्या मुळाशीं जाई. सदनिकेंत उकिरडा शक्य नाहीं, पण त्याची धाकटी बहीण शक्य आहे. बुडाशीं व बाजूंना भोंकें असलेली मातीची कुंडी किंवा जुना डबा घ्यावा. तळाशीं नारळाच्या शेंड्या व वाळलीं पानें यांचा चार बोटें थर द्यावा. रोजचीं सालीं बारीक चिरून टाकावींत आणि प्रत्येक वेळीं त्यांच्यावर तितकाच वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुसा पसरावा. दुर्गंधि येते ती बहुतेक याच चुकीनें, कीं ओलें अधिक आणि वाळकें कमी. आठवड्यांतून एकदोनदां काठीनें हालवावें म्हणजे हवा पोंचते. मूठभर घट्ट दाबली असतां बोटांतून पाणी निथळूं नये, इतपतच ओल असावी. आंबट ताकाचा एक शिंतोडा दिला तर काम लवकर होतें. तेलकट आमटी, दूध व मांसाहारी उष्टें आरंभीं टाकूं नये. दीड-दोन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचें खत होतें. आमच्या घरीं पहिल्या कुंडींत चिलटें झालीं आणि कुटुंबांत माझी बरीच चेष्टा झाली. दुसऱ्या वेळीं पाला दुप्पट घातला, तेव्हां चिलटें गेलीं. आतां तुळस, गवती चहा आणि एक कढीलिंबाचें रोप त्यावर जोमानें वाढत आहे.

आणि कांच? ती केरांत टाकावयाचीच नाहीं. फुटकी कांच जाड वर्तमानपत्रांत गुंडाळून, वर दोरा बांधून, त्यावर ठळक अक्षरांत 'कांच' असें लिहून वेगळी द्यावी. वापरलेले सुईचे व पात्यांचे तुकडे झाकणाच्या डब्यांत सांठवून तसेच द्यावेत. यास एक मिनिट लागतो. मीं मोजून पाहिला आहे.

ती बाई आठ दिवसांनीं कामावर परत आली. हाताला पट्टी होती, आणि मोजा या खेपेस एका हातांत होता, दुसऱ्यांत नव्हता. मीं तिला खालीं जाऊन पेल्याविषयीं सांगितलें. ती थोडी हंसली आणि म्हणाली, "दादा, कांच रोजच असते. तुमचीच होती असं कुणी सांगत नाही, एवढंच." मग तिनें पुढच्या इमारतीची घंटा वाजविली.

आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा येत्या रविवारीं आहे. प्रत्येक मजल्यावर दोन डबे, गच्चीवर खताच्या चार पेट्या, आणि गाडीवरच्या माणसांसाठीं संस्थेच्या खर्चानें मोजे, असा ठराव मीं चिटणीसांकडे लेखी दिला आहे. विषयपत्रिका काल दाराखालून आली. ठराव सातवा आहे. त्याच्यावर वाहनें लावण्याच्या जागेचा वाद आहे, आणि तो गेल्या तीन सभा चालूं आहे.